‘तू घरीच असतेस ना!’

प्रिय ताई,

मी सिंहगड रस्त्यावर राहते. वय ३७. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. मुलगा झाला तेव्हा बँकेतली नोकरी सोडली. दोघांनी विचार करून सोडली, त्याचा पश्चात्ताप नाही. नवरा हिंजवडीला जातो, सकाळी साडेसातला बाहेर पडतो, परत यायला रात्रीचे साडेआठ. सासूबाई ७३ वर्षांच्या, जन्म नारायण पेठेतला. गुडघे दुखतात, पण स्वभावाने चांगल्या आहेत.

प्रश्न मे महिन्याचा आहे. नाशिकच्या नणंदबाई दर वर्षी त्यांच्या दोन मुलांना आमच्याकडे वीस-पंचवीस दिवस पाठवतात. मोठा अकरा वर्षांचा, धाकटी आठची. ‘तू घरीच असतेस ना, मुलंही एकत्र खेळतील,’ असं म्हणतात. मुलं गोड आहेत. पण सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत मी ओट्यापाशी. एकाला पोहे नकोत, दुसऱ्याला उपमा नको. दुपारी भांडणं, मग मोबाइल. त्यात सोसायटीतल्या चार घरांच्या चाव्या, कुरिअर, गॅसवाल्याचे पैसे हेही माझ्याकडेच, कारण मी घरी असते. मागच्या वर्षी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मुलाच्या हातून आमरसाची वाटी नव्या चादरीवर सांडली आणि मी त्याला फाडकन मारलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नवरा म्हणाला, ‘दिवसभर घरातच तर असतेस, एवढं चिडायला काय झालं?’

ही सुट्टी कशी निभवू? पुण्यात फार खर्च न करता मुलांना कुठे नेता येईल? आणि शाळा कधी एकदाची सुरू होते याची मी वाट बघते, हे वाईट आईचं लक्षण आहे का?

– एक आई, सिंहगड रस्ता

---

मैत्रिणी,

तुला ‘तू’च म्हणते, माझी थोरली लेक तुझ्याच वयाची आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला आतून खातोय. नाही. शाळा सुरू व्हायची वाट मीही बघायची, माझ्या शेजारणीही बघायच्या. जूनमध्ये पहिल्या दिवशी मुलं रिक्षात बसून गेली की आम्ही तिघी जिन्यातच उभ्या राहून चहा प्यायचो. त्यामुळे आमची मुलं काही कमी लाडाची झाली नाहीत. तेव्हा हा विषय मनातून काढून टाक.

आता सुट्टीचं. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. मे महिन्यात वाड्यात आम्ही आते-मामे-मावस मिळून तेरा पोरं असायचो. सगळे म्हणतात, किती मजेचे दिवस होते ते, आणि खरंच होते. पण स्वयंपाकघरात तेव्हा कोण कोण होतं, हे कुणी आठवत नाही. आजी होती, आई होती, काकू होती आणि आत्या होती. आत्या मुलांना पाठवायची नाही, मुलांबरोबर यायची. माहेरपणाला आलेली असली तरी सकाळी कुरडयांचा चीक शिजायला लागला की काकूच्या बरोबरीने उभी राहायची. आम्ही पोरं दिवसभर चौकात नाही तर समोरच्या वाड्यात. जेवायला हाक आली की यायचो. तेरा पोरांमागे चार बायका, एक चौक, आणि चारही बाजूंनी लक्ष ठेवणारी बिऱ्हाडं, असा तो हिशोब होता.

तुझ्याकडे तीच सुट्टी आहे. चार मुलं, तीच आमरसाची पातेली, तीच वाळवणं, ‘आम्ही लहानपणी कसे धमाल करायचो’ ही तीच अपेक्षा. फक्त चौक गेला, त्याची टू बीएचके झाली, आणि चार बायकांच्या जागी एकटी तू उरलीस. तुझ्यात काही कमी पडतंय म्हणून तू थकत नाहीस. हात कमी पडताहेत. म्हणून ‘मुलांना कशात गुंतवू’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. ‘हात कुठून आणू’ हा पहिला प्रश्न.

नवऱ्याच्या वाक्याचंही इथेच बघू. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसतात, म्हणजे पाच तासांना जेमतेम अकरा मिनिटं कमी. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची ८८ मिनिटं. मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलंय. आणि ही सरासरी साध्या दिवसांची आहे, चार मुलांच्या मे महिन्याची नाही. हे आकडे नवऱ्याच्या तोंडावर फेकण्यासाठी देत नाहीये. तू स्वतः ‘मी घरीच तर असते’ असं म्हणायला लागली आहेस की काय, अशी शंका मला पत्र वाचताना आली, म्हणून देतेय.

या रविवारी एक काम कर. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढ, पेन्सिल घे आणि नवऱ्याला शेजारी बसव. मुलांचा कार्यक्रम लिहायच्या आधी तुझी सुट्टी लिहा. माझ्या मते दर शनिवारी सकाळी सात ते एक, आणि महिन्यातल्या दोन संध्याकाळी. त्या वेळात तू घरात नसशील. घरात असलीस की ‘आई, माझी बाटली कुठाय’ सुरू होणारच. तू पत्रात सगळ्यांच्या आवडीनिवडी लिहिल्यास, कोणाला पोहे नकोत इथपर्यंत. तुला काय आवडतं याचा एक शब्द नाही. मला ते वाचून फार लागलं. मैत्रिणीकडे जा, तुळशीबागेत नुसती भटक, पर्वतीवर एकटी जाऊन बस. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजूनही दर उन्हाळ्यात होते, तिथे एखाद्या संध्याकाळी जाऊन बस. बँकेत काम केलेली बाई आहेस, अर्थकारणावरचं एखादं व्याख्यान ऐकून येताना डोक्याला किती बरं वाटेल बघ.

नवऱ्याशी बोलताना ‘मदत’ हा शब्द वापरू नकोस. मदत म्हटलं की काम तुझं ठरतं आणि तो उपकारकर्ता. ‘शनिवार तुझा’ इतकंच म्हण. रात्री साडेआठला तो पिळून निघालेला येतो हे मला मान्य आहे, हिंजवडीची वाहतूक माणसात काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून रोज त्याच्याकडे एकच काम, चौघांच्या अंथरुणांपासून गोष्टीपर्यंत झोपवण्याचं सगळं त्याचं. शनिवार-रविवार मात्र भरपूर. शिवाय मेमध्ये दोन दिवस रजा. गणपतीत मिळते, दिवाळीत मिळते, तर मुलांच्या सुट्टीतही मागता येते.

आता नणंदबाई. हा विषय नाजूक आहे आणि तू वर्षानुवर्षं गप्प बसून तो आणखी अवघड करून ठेवलास. त्यांना पहिला फोन तुझ्या नवऱ्याने करायचा. बहीण त्याची आहे. त्याने काय म्हणायचं तेही सांगते. ‘ताई, मुलं येऊ देत, आम्हाला हवीच आहेत. यंदा दहा-बारा दिवस ठेवतो. पहिले तीन दिवस तूही ये, आईलाही तेवढंच बरं वाटेल. आणि मग आमची मुलं आठ दिवस तुझ्याकडे नाशिकला.’ यात कुणाला दुखावण्यासारखं काहीही नाही. त्या आल्या की स्वयंपाकघरात एक बाई वाढली, म्हातारीला लेक भेटली, आणि नंतरचे आठ दिवस तुझं घर शांत. मुलगा पाचच वर्षांचा आहे, रात्री आईवाचून राहत नसेल तर एकट्या मुलीला पाठव. एक मूल घरात असणं आणि चार असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तुला मी काय सांगावं.

सोसायटीच्या चाव्यांचं दोन ओळींत संपतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाक: ‘१ मे ते १५ जून माझ्याकडे चाव्या, कुरिअर, सिलिंडर घेता येणार नाही. कृपया दुसरी सोय करावी.’ कारण देऊ नकोस. कारण दिलं की त्यावर चर्चा होते.

स्वयंपाकाकडे येते, कारण तुझा जीव तिथेच जातोय. न्याहारी एकच होईल, आणि कोणत्या वारी काय हे फ्रिजवर लिहून लावायचं. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी थालीपीठ, असं. ज्याला ते नको असेल त्याने पोळी, तूप, गूळ स्वतःच्या हाताने घ्यायचं आणि लाडू करून खायचा. पहिले दोन दिवस रुसवे होतील. तिसऱ्या दिवशी सगळे उपमा खातील. रात्री एकच पदार्थ: मुगाची खिचडी आणि कढी, वरणफळं, पावभाजी, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. आंबे आहेत तोवर आमरस आठवड्यातून दोनदाच, ठरलेल्या वारी. रोज रोज रस काढत बसलीस तर तुला आंब्याचा वास नकोसा होईल.

पोळ्यांना मात्र माणूस लाव. एरवी तू करतेस तेवढ्या पोळ्या आणि सात माणसांच्या दोन्ही वेळच्या पोळ्या यात मोठा फरक आहे. महिन्यापुरत्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी मिळाल्या तर उत्तमच, नाही तर पोळी-भाजी केंद्रं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. सिंहगड रस्त्यावर तर दोन चौक ओलांडायच्या आत एक सापडतं. पुण्यात पोळी विकत मिळते ती अशाच घरांसाठी. पैसे जातील, जाऊ देत. सासूबाईंना वाईट वाटेल का, ही तुझी पुढची शंका असणार. त्यांना आधी विचार, मग काय ते ठरव. माझा अनुभव असा आहे की ज्या बाईने स्वतः तीस-चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या आहेत, तिला सुनेच्या खांद्याचं दुखणं सगळ्यांत आधी कळतं, फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं.

मुलं ही काही नुसती खाणारी तोंडं नाहीत, चौघांचे मिळून आठ हात आहेत. अकरा वर्षांचा भाचा बाटल्या भरू शकतो, कोपऱ्यावरून दूध-कोथिंबीर आणू शकतो. आठ-नऊच्या दोघी ताटं घेतील, कपडे वाळत घालतील, घड्या करतील. पाच वर्षांचा चपला लावेल आणि चमचे मांडेल. भाच्याला काम सांगायला संकोच वाटतो, पाहुणा आहे असं मनात येतं. दहा दिवस राहतो तो पाहुणा नव्हे, घरचाच. मुलींनाच ताटं आणि मुलाला फक्त बाहेरची कामं, असंही करू नकोस. आठवड्याने अदलाबदल कर.

एक काम मी माझ्या मुलांकडून हमखास करून घ्यायची. किलोभर शेंगदाणे मंद आचेवर तूच भाज, ते गरम कढईचं काम. गार झाले की ते मुलांचे. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून चौघं बसतील. मूठ मूठ दाणे घेऊन तळहातांत चोळायचे, सालं सुटली की सुपात घेऊन पाखडायचे. धाकट्याला पाखडणं जमणार नाही, त्याने फुंकायचं. सालं उडतात, केसांत अडकतात, नाकात जातात, शिंका येतात, मग सगळे हसत सुटतात. निम्मे दाणे गुळाच्या खड्याबरोबर पोटात जातील, जाऊ देत. उरलेल्यांचं कूट करून बरणी भरली की आठवडाभर खिचडीला, कोशिंबिरीला बघायला नको. तासभर भांडण नाही, मोबाइल नाही, आणि संध्याकाळी बाबांना ‘हे कूट आमचं आहे’ असं सांगताना आवाज चढलेला असतो. साबुदाण्याच्या पापड्याही अशाच. रात्री साबुदाणा भिजवायचा, सकाळी लवकर शिजवून गच्चीवर न्यायचा आणि प्लास्टिकवर डावेने घालायच्या. वाकड्यातिकड्या होतात, तळल्यावर तशाच फुलतात. कुरडयांच्या भानगडीत मात्र यंदा पडू नकोस, गहू तीन दिवस भिजवण्यापासूनचा तो व्याप आहे. त्या विकत आण.

दुपार सगळ्यांत अवघड, तू लिहिलंसच. पुण्यातली दुकानं पूर्वी एक ते चार बंद असायची. ती रीत घरात आण, निदान दोन ते साडेतीन. झोपलंच पाहिजे अशी सक्ती नको. पुस्तक, चित्रं, कोडी, पत्ते, काहीही चालेल, पण आपापल्या कोपऱ्यात आणि हळू आवाजात. दाराची घंटा वाजली तरी कुणी उठायचं नाही. तू खोलीचं दार लावून आडवी हो. धाकट्याला घड्याळ कळत नसेल तर मोठा काटा दुसऱ्यांदा सहावर येईपर्यंत आई झोपलीय, एवढं त्याला समजतं. पहिले तीन-चार दिवस दार वाजेल. उठलीस तर पुढचे वीस दिवस वाजत राहील. पुस्तकं मात्र भरपूर हवीत. अप्पा बळवंत चौकात एकदा चौघांना घेऊन जा आणि प्रत्येकाला स्वतःचं एक निवडू दे, म्हणजे आत्ताच्या आत्ता चार पुस्तकं आलटून-पालटून होतात.

मोबाइलबद्दल तुझ्या मनात अपराधी भाव आहे, म्हणून नेमकं सांगते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि पाच ते दहा वर्षांच्यांना दोन तासांच्या आत. म्हणजे अजिबात नको असं तेही म्हणत नाहीत. साडेचार ते साडेपाच, उन्हं उतरेपर्यंत, हॉलमधल्या टीव्हीवर, चौघांनी मिळून एक कार्यक्रम. एकच पडदा असला की काय बघायचं यावर त्यांना एकमेकांचं ऐकावं लागतं. सकाळी मात्र कुणाच्याही हातात फोन नको. सकाळी एकदा हातात गेला की तो दिवस गेलाच म्हणून समज.

आता बाहेर नेण्याचं. एप्रिल-मेचं पुणं सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच चांगलं, तेव्हा सगळं त्यात बसव. सकाळी सहाला निघून पर्वती. १०३ पायऱ्या आहेत, धाकट्याला चढता चढता मोजायला लावलंस तर शंभरापुढचे आकडे पक्के होतील. वरून अख्खं शहर दाखवायचं आणि आपलं घर कुठे ते शोधायचं. घराजवळचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, कार्प मासे बघत मुलं तिथे बराच वेळ रमतात. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय नवऱ्याच्या रजेच्या दिवशी, त्यानेच न्यायचं. बुधवारी ते बंद असतं, हे त्याला आधी सांगून ठेव. खडकवासल्याला रविवारी जाऊ नका. सगळं पुणं त्याच रस्त्यावर असतं आणि चार मुलं गाडीत तासभर अडकून पडली की सगळी मजा तिथेच संपते.

मला सगळ्यांत जास्त आवडणारी सहल जवळजवळ फुकटची आहे. बसने स्वारगेट, तिथून मेट्रो. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ ही सगळी स्थानकं जमिनीखाली, आणि कसब्यानंतर गाडी मुठा नदीच्या खालून जाते. मुलांना तेव्हा सांग, ‘आत्ता डोक्यावर नदी आहे.’ चौघंही वर बघतात. जिल्हा न्यायालयाला उतरून सरकत्या जिन्यांनी वर, वर आणि आणखी वर यायचं आणि वनाझची गाडी धरायची. ती उंचावरून, नदीच्या काठाकाठाने जाते. संभाजी उद्यान स्थानकाचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं आहे, ते ओळखायला लाव. परतताना मंडईला उतरा. प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये दे आणि घरी लागणारी एक भाजी घेऊन यायला सांग. भाव विचारायचा, कमी करायला सांगायचं, सुटे मोजून घ्यायचे. माझ्या मुलाने पहिल्यांदा अख्ख्या पैशांची नुसती कोथिंबीर आणली होती. चार दिवस आम्ही कोथिंबिरीच्या वड्या खाल्ल्या आणि तो प्रत्येक वडी ‘माझी’ म्हणून मोजत होता.

शनिवारी तू बाहेर असताना नवऱ्याने मुलांना शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवावं. दिनकर केळकरांनी लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि त्यात तलवारींपेक्षा घरातल्या वस्तूंची गंमत मोठी: दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्र्या. कोथरूडचा मस्तानी महालही तिथे आणून पुन्हा उभारलाय. जिने आहेत, तेव्हा सासूबाई घरीच राहू देत. प्रत्येक मुलाने तीन वस्तूंची चित्रं काढायची आणि घरी येऊन आजीला विचारायचं, ‘हे तुमच्याकडे होतं का? कशाला वापरायचात?’ गुडघे दुखणाऱ्या आजीला चौघा मुलांना दोन तास धरून ठेवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

आणि आजीचं निघालंच आहे तर पानशेतचं विचारायला सांग. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरलं होतं, आणि सासूबाई तेव्हा तुझ्या लेकीएवढ्याच होत्या. त्या दिवशी कुठे होत्या, पाणी कुठवर आलं, घरातलं काय वाहून गेलं, रात्री कुणाकडे झोपल्या. लेकीने वहीत लिहून घ्यावं, भाच्याने फोनवर आवाज उतरवावा. एका बैठकीत संपणार नाही, तीन-चार दुपारी जातील. सासूबाईंना जिने चढता येत नाहीत, ओट्याशी उभं राहता येत नाही, म्हणून त्या तुझ्या मदतीला येऊ शकत नाहीत असं तू धरून चालली आहेस. त्यांचे हात हे असे आहेत.

शिबिरांचं एकच सांगते. एक आठवड्याचं एक पुरे, तेही मुलाला हवं असेल तर. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनासारख्या ठिकाणी मुलांना मनसोक्त खेळू देतात, आधी तिथे चौकशी कर.

त्या चादरीबद्दल. मुलाला तू मारलंस त्याला वर्ष झालं, आणि तू अजून ते घेऊन बसली आहेस. तोही विसरला नसेल. एखाद्या रात्री त्याला जवळ घे आणि सांग, ‘तेव्हा मी तुला मारलं ते चुकलं. रस सांडतो, त्याला मारायचं नसतं. आई दमली होती.’ पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. यंदा रस गॅलरीत, फरशीवर, जुन्या बनियनवर. सांडला की बादलीभर पाणी ओतायचं.

आणखी एक, आणि हे मी मनापासून विचारतेय. ते बाथरूममधलं रडणं एका दिवसापुरतं होतं, की अजून येतं? रात्री झोप लागत नसेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते नुसत्या दमण्याच्या पुढचं आहे. डॉक्टरांकडे जा. नाही तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लाव. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याला हे सांगून कर, चोरून नको.

नणंदबाईंचा फोन मात्र रविवारपर्यंत लांबवू नकोस. सुट्टीत नाशिकच्या एसटीचं आरक्षण लवकर भरतं. मुलांची तिकिटं एकदा निघाली की ‘यंदा दहा दिवस’ म्हणणं जड जाईल. आज रात्री नवरा जेवून उठला की फोन त्याच्या हातात दे.